ओकायामाचं पाणी

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. माझं मराठी आपल्या मेसच्या वरणासारखं आहे. आहे, पण पातळ! दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी आजीशी बोलायला लागायचं तेवढंच मराठी. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं, कोणाला सांगताहेत म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासले आहेत. ती चिपळूणची, मराठी माध्यमाची. या लेखात ती पुढे येणारच आहे, कारण खरं तर हा लेख तिनेच सुरू केला.

आपल्या हॉस्टेलमध्ये जपानचं वेड किती आहे हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक मजल्यावर एकदोघी तरी एन-फाइव्हच्या परीक्षेची तयारी करत असतात, आणि निम्म्या लॅपटॉपवर क्योतोचा फोटो असतो. लाल कमानी, मंदिर, तळं, तळ्यात मंदिराचं प्रतिबिंब. माझ्याही होता. पण क्योतोचं विमानाचं तिकीट आपल्या बजेटमध्ये कुठलं? आम्हाला परवडली ती नेरूळच्या एलपीवरून स्वारगेटची एसटी. पुण्यात एका कॉलेजला पेपर प्रेझेंटेशन होतं. आमचा नंबर आला नाही (विषय बंद), आणि संध्याकाळ मोकळी मिळाली. मग आम्ही चौघींनी ठरवलं की जपान नाही तर नाही, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान तरी बघू.

या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे पश्चिम जपानमधलं जुनं किल्ल्याचं शहर. तिथली कोराकुएन ही बाग जपानच्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांपैकी एक, बाकीच्या दोन कानाझावा आणि मितो या गावांत. पुण्याची बाग तिच्यावरून बेतलेली आहे. पु. लं.चं नाव या बागेला किती शोभतं ते 'पूर्वरंग' वाचलेल्यांना कळेल, त्यात त्यांनी जपानच्या प्रवासाबद्दल लिहिलंय. मी अर्धंच वाचलंय. पण हसले पूर्ण.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं खरं सांगू तर काही वाटलं नाही. हिरवळ, टेकाड, छोटा ओढा, लाकडी पूल, रंगीत मासे. हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी. "एवढंच?" असं आमच्यातली एक म्हणाली. आपल्याला बागेत 'पॉइंट' बघायची सवय असते, इथे फोटो काढा, पुढे चला. इथे तसा पॉइंटच सापडेना. मग हळूहळू लक्षात आलं की जिथे उभं राहू तिथून बागेचं एक पूर्ण चित्र दिसतंय. दहा पावलं पुढे गेलं की तेच टेकाड, तेच पाणी, पण चित्र दुसरं. कोराकुएन ही फिरत फिरत बघायची बाग आहे, एका जागी बसून बघायची नाही. तिथे पाहणाऱ्याच्या चालण्याचाही विचार केलेला असतो.

दुसरी गंमत मागच्या बाजूला. मान वर केली की पर्वती! जपानी बागकामात याला शाक्केई म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. बागेबाहेरचा डोंगर, देऊळ, किल्ला जे काही असेल ते आपल्या चित्रात ओढून घ्यायचं, एक पैसा खर्च न करता. ओकायामाच्या बागेने नदीपलीकडचा काळा किल्ला आणि मागचे डोंगर उसने घेतले आहेत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं पर्वतीवरचं देवदेवेश्वर आयतं मिळालं. हे कोणी मुद्दाम जुळवलं की आपोआप जुळलं, कोण जाणे. पण दिसतं छान.

आता पाणी. शेजारी नंतर मुघल पद्धतीची बागही केली आहे, तिथे पाणी सरळ रेषेत, मधोमध, कारंज्यांसकट मिरवतं. जपानी बागेत उलटा प्रकार. पाणी आपण इथलेच आहोत असं भासवतं. वळतं, दगडाला अडतं, पुलाखाली गायब होतं, पुढे निघतं. आम्ही पडलो सिव्हिलच्या. अप्लाइड हायड्रॉलिक्समध्ये सरांनी पाण्यावर काहीतरी तरंगतं सोडून वेग मोजायची पद्धत शिकवली होती. एकीने वाळलेलं पान सोडलं, एकीने पावलं मोजली, मी मोबाइलवर वेळ लावली. दहा मीटरला बत्तीस सेकंद. म्हणजे पृष्ठभागावर सेकंदाला एकतीस सेंटिमीटर. तळाशी पाणी संथ असतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, आलं सत्तावीसच्या आसपास. रुंदी-खोली नजरेनेच धरली, साठ सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर. उत्तर सेकंदाला साधारण सोळा लिटर. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका मिनिटात भरेल! (सर, हा अंदाज आहे, प्रॅक्टिकल म्हणून मार्क मागत नाही.)

आम्ही हसत होतो, पण चिपळूणवाली हसत नव्हती. ती पानाकडे बघत नव्हतीच. ती पाणी येतं कुठून ते बघत होती. शेवटी तिने शिट्टीवाल्या मामांनाच विचारलं. मामा म्हणाले, "कॅनॉलचं आहे, खडकवासल्याचं." आणि वर, "फुटला होता ना तो, इथंच, दांडेकर पुलाकडं."

मग ती मला म्हणाली, "आमच्याकडे पाण्याला असं घरात बोलावत नाहीत गं."

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा ती शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. बाजारपेठेत वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. शाळा सुरू होतील या आशेने माल भरलेला. रात्रीत पाणी चढलं, आणि उतरलं तेव्हा वह्यांचा लगदा झालेला. फावड्याने काढावा लागला. हे तिने मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात रात्री उठून ती खिडकीतून खाली कंपाउंडमध्ये बघते, ते मला वाटायचं झोप येत नाही म्हणून.

बागेतून निघून आम्ही बसला जायच्या ऐवजी त्या कॅनॉलकडे गेलो. आता त्या कालव्याची गोष्ट थोडक्यात. खडकवासल्याचं मूळ धरण इंग्रजांच्या काळातलं, एकोणिसाव्या शतकातलं. तिथून निघालेला मुठेचा उजवा कालवा शहराच्या मधून जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ त्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. पाऊस नाही, पूर नाही, भर दिवसा! घरातली भांडी रस्त्यावर वाहत आली. उंदीर, घुशी, खेकड्यांनी भराव पोखरला असं कारण तेव्हा सांगितलं गेलं, आणि त्यावर लोकांनी भरपूर विनोदही केले.

विनोद बाजूला ठेवून सांगते. सॉइल मेकॅनिक्समध्ये 'पाइपिंग' हा धडा आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो. मातीच्या भरावातून पाणी झिरपतंच, ते अगदी थांबवता येत नाही. पण झिरपताना वाट सापडली, मग ती बिळाची असो, मुळाची असो की नीट न दाबलेल्या मातीची, की पाणी त्या वाटेने मातीचे कण घेऊन बाहेर पडतं. कण गेले की वाट रुंदावते, रुंदावली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी कण जातात. बाहेरून शेवटपर्यंत काही दिसत नाही. म्हणून घूस भराव पोखरते हे कारण हास्यास्पद नाही. प्रश्न एवढाच उरतो की भरावावरून चालत जाऊन ते बीळ बघायचं काम कोणाचं, आणि ते शेवटचं कधी झालं होतं.

त्याच सिंहगड रोडवर पुढे एकतानगरी आहे. २५ जुलै २०२४ ला जोरदार पाऊस आणि खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी यामुळे तिथल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, बोटीने लोकांना काढलं. म्हणजे धरण एकच. त्याचंच पाणी बागेत मासे पोसतं, वस्तीत घुसतं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही चढतं. बस सुटेपर्यंत चिपळूणवाली एकच प्रश्न विचारत होती: "पूर आला की ओकायामाच्या त्या बागेचं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. परत आल्यावर आम्ही दोघींनी वाचायला घेतलं, आणि जे सापडलं त्यासाठी खरं म्हणजे हा लेख.

ओकायामा आसाही नावाच्या नदीवर आहे. १६५४ मध्ये तिथे मोठा पूर आला आणि किल्ल्याभोवतीचं शहर उद्ध्वस्त झालं. तिथल्या इकेदा घराण्याच्या पदरी त्सुदा नागातादा नावाचा अधिकारी होता. आज आपण त्याला इंजिनीअर म्हटलं असतं. त्याने काय केलं? नदीला शहराच्या वरच्या अंगाला एक दुसरी वाट करून दिली. नदीच्या काठाचा एक भाग मुद्दाम बुटका ठेवला. पाणी एका पातळीच्या वर चढलं की ते त्या बुटक्या काठावरून आपणहून पलीकडे ओसंडतं आणि शहराला वळसा घालून समुद्राकडे जातं. दार नाही, चावी नाही, रात्री कोणाला उठवायची गरज नाही. या वाटेचं नाव ह्याक्केनगावा, म्हणजे शंभर केन रुंदीची नदी. एक केन म्हणजे सुमारे १.८ मीटर, म्हणून रुंदी झाली जवळजवळ १८० मीटर. काम १६६९ मध्ये सुरू झालं, आणि १६८० च्या दशकात त्सुदाच्या हातून पुरं झालं.

आणि बाग? कोराकुएनचं काम १६८७ मध्ये सुरू झालं. इकेदा त्सुनामासा या सरदारासाठी ती कोणी उभारली? त्याच त्सुदा नागातादाने! आधी पुराची वाट, नंतर बाग. हा क्रम पाहून चिपळूणवालीने पुस्तक मिटून माझ्याकडे पाहिलं. तिला इंजिनीअरिंगला आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी आवडलेलं दिसलं, तेही साडेतीनशे वर्षांपूर्वीचं.

नावाचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला लोक तिला नुसतं 'मागची बाग' म्हणत, किल्ल्याच्या मागे म्हणून. 'कोराकुएन' हे नाव १८७१ मध्ये दिलं गेलं. ते फान चोंगयान या जुन्या चिनी विद्वानाच्या विचारावरून घेतलंय. राज्य करणाऱ्याने चिंता लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर भोगावं, असा तो विचार. कोराकुएन म्हणजे 'नंतर सुख घ्यायची बाग'. नाव उशिरा मिळालं हे खरं, पण त्सुदाने कामाचा क्रम आधीच तसा लावला होता.

आता सगळ्यात भारी भाग, आणि इथे नवी मुंबईकरांनी कान टवकारावेत. त्सुदाने समुद्र हटवून जमीनही केली. १६९२ मध्ये पूर्ण झालेली ओकी-शिंदेन ही जमीन सुमारे १,९०० हेक्टर आहे. पण समुद्रसपाटीच्या इतक्या जवळची जमीन म्हणजे भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी बाहेर टाकणार कुठे? त्याने बांधाच्या आतल्या बाजूला मोठी साठवण ठेवली आणि तोंडाशी दारं बसवली. भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी साठवणीत थांबणार. ओहोटी लागली की दारं उघडणार, साठलेलं पाणी समुद्रात.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. आपल्या नवी मुंबईचे होल्डिंग पॉण्ड याच तत्त्वावर चालतात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीकाठची सखल जमीन भरून शहर वसवलं, आणि पावसाचं पाणी भरतीच्या वेळी थोपवायला डच पद्धतीवर हे तलाव केले. तोंडाशी झडपा असतात. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप मिटते, उतरलं की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ज्याला आपण 'पॉण्ड' म्हणतो, ज्याच्या कट्ट्यावर बसून वडापाव खातो आणि सबमिशनला शिव्या देतो, ते शोभेचं तळं नाही, ते शहराचं मूत्राशय आहे (उपमा वाईट आहे, पण बरोबर आहे). यातले काही तलाव गाळाने भरत आलेत. गाळावर खारफुटी उगवली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. मग गाळ काढायचा कसा, यावर वर्षानुवर्षं परवानग्यांचा घोळ. तलावात गाळ जितका जास्त, तितकी पावसाच्या पाण्याला जागा कमी. हे समजायला इंजिनीअरिंगची गरज नाही, बादलीत अर्धी वाळू भरून बघा.

कोणी म्हणेल, जपानी लोकांचं काय, त्यांचं सगळंच परफेक्ट. मुळीच नाही! १९३४ च्या वादळात ओकायामाला पूर आला आणि कोराकुएनचं प्रचंड नुकसान झालं. १९४५ च्या जूनमध्ये बॉम्बहल्ल्यात किल्ला जळाला, बागेतल्या इमारती जळल्या. जुन्या चित्रांवरून ती बाग पुन्हा उभी केली. जुलै २०१८ च्या पावसात शेजारच्या कुराशिकी शहरात, माबी भागात बांध फुटले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. तिथे कामाचा आराखडा कागदावर होता, काम व्हायचं होतं. ओळखीचं वाटतंय हे पुन्हा लिहीत नाही.

क्योतोचं राहिलंच! वॉलपेपरवाल्यांनी रागावू नये. क्योतोच्या नानझेन-जी या प्रसिद्ध मंदिराच्या आवारातून विटांच्या कमानींवर चढलेला एक कालवा जातो. बिवा सरोवराचं पाणी क्योतोत आणायची योजना होती. राजधानी तोक्योला गेल्यावर शहर ओस पडायला लागलं होतं, त्याला उभारी द्यायची होती. तोक्योच्या इंजिनीअरिंग कॉलेजमधल्या तानाबे साकुरो नावाच्या विद्यार्थ्याने याच कालव्यावर आपला शेवटच्या वर्षाचा प्रबंध केला. उजव्या हाताला दुखापत झाली म्हणून ड्रॉइंग डाव्या हाताने काढली. १८८३ मध्ये पास झाला, एकवीस वर्षांचा, आणि क्योतोच्या गव्हर्नरने त्यालाच काम दिलं. १८८५ ला सुरू, १८९० ला पूर्ण. १८९१ मध्ये त्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली, पुढे क्योतोत विजेची ट्राम धावली. आणि नानझेन-जीच्या आसपासच्या मुरिन-आनसारख्या बागांच्या ओढ्यातही तेच कालव्याचं पाणी खेळतं. आजही क्योतोचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. म्हणजे ज्या फोटोंना आपण 'निसर्ग' म्हणून लाइक करतो, त्यातल्या काहींच्या मागे एका मुलाचं फायनल इयर प्रोजेक्ट आहे.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढच्या वर्षी आमचं फायनल इयर. प्रोजेक्ट कसं 'होतं' हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सीनियरची सीडी, हल्ली पेनड्राइव्ह. वरचं पान बदलायचं, नावं बदलायची, स्पायरल बाइंडिंग. आमच्या ग्रुपचंही असंच ठरलं होतं. विषय आला होता, रिपोर्टही आला होता, एकाने तर गाइडची सही कुठे घ्यायची तेही ठरवलं होतं. मी स्वतः हो म्हटलं होतं, उगाच साधुपणाचा आव आणत नाही. पुण्याहून आल्यावर आठवड्याने चिपळूणवालीने ग्रुपला सांगितलं, "मी यात नाही. मला पॉण्ड मोजायचाय." मुलांनी विचारलं, मोजून काय होणार, महापालिका ऐकणार आहे का? ती म्हणाली, "ऐकू दे नाहीतर नको. किती पाणी मावतं हे मला कळलं पाहिजे. चिपळूणला कोणालाच माहीत नव्हतं किती येणार."

यावर कोणी काही बोललं नाही. दोघं जण अजून त्या पेनड्राइव्हवरच आहेत. त्यांचा राग नाही, त्यांचं कॅम्पसचं टेन्शन खरं आहे. आम्ही तिघं पॉण्डवर.

आतापर्यंत एवढंच झालंय की हॉस्टेलपासून चालत जाता येईल असा एक तलाव निवडला, सर्व्हे लॅबमधून स्टाफ आणि दोरी मागितली, लेव्हल अजून मिळालेली नाही. एका बांबूवर दर दहा सेंटिमीटरला ऑइल पेंटने लाल-पांढरे पट्टे मारले. लाल रंग रेक्टर मॅडमच्या कुंड्यांसाठी आणलेल्या डब्यातला आहे. मॅडम, हे वाचत असाल तर सॉरी. पहिल्या दिवशी बांबू पाण्यात रोवला तेव्हा तो पाण्यातून सरळ आत जाईल असं वाटलं होतं. पाणी चाळीस सेंटिमीटरला संपलं आणि खाली मऊ गाळ लागला. बांबू आणखी सव्वा मीटर गेला, तरी कडक काही लागेना. चिपळूणवालीने वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

आता आम्हाला उधाणाची भरती आणि पाऊस एकाच वेळी हवाय, म्हणजे झडप मिटल्यावर पाणी किती वेगाने चढतं ते बघता येईल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस भरतीच्या तक्त्यातून काढून तिने आमच्या खोलीच्या दारावर चिकटवलेत. दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घ्यायचं आहे, त्यामुळे माणसं कमी पडताहेत. ब्रँच कुठलीही चालेल, आकडा वाचता आला पाहिजे. ज्यांना यायचंय त्यांनी खोली नंबर विचारून नाव द्यावं, टॉर्च आपली आपण आणावी, आणि कृपया चांगल्या चपला घालून येऊ नये.